फ्लॅटमध्ये कुत्रा आणायचा म्हणतोय. घरात नक्की काय काय बदलावं लागतं?

केतकी_पान

नमस्कार मंडळी. घरात बरेच दिवस हाच एक विषय चघळून झालाय, म्हणून आता इथे विचारते.

लेक सातवीत आहे, तिला कुत्रा हवाय. चार दिवसांचा हट्ट म्हणून सोडून द्यावं असं नाही. गेटवरच्या भटक्यांना ती रोज पाणी ठेवते, कोण लंगडतंय, कोणाला गोचीड लागलीय हे वॉचमनकाकांच्या आधी तिला कळतं. नवरा तयार आहे. सासूबाई आमच्याकडेच असतात. त्यांचं म्हणणं, "कुत्रं अंगणात शोभतं. देवघर आणि स्वयंपाकघर एका भिंतीला असलेल्या घरात त्याला फिरवणार कुठे?"

आम्ही कोथरूडला, तिसरा मजला, दोन बेडरूम, लिफ्ट आहे. मी आठवड्यातले निम्मे दिवस घरून काम करते. घर पूर्ण शाकाहारी.

माझं मत आधीच सांगून टाकते. आणायचा तर घरातला म्हणून आणायचा. गॅलरीत साखळीला बांधायचं आणि दोन वेळा ताटली सरकवायची, अशी पाळलेली कुत्री मी पाहिली आहेत आणि मला ते बघवत नाही. पण "घरातला" म्हणजे रोजच्या रोज काय, हे ज्यांनी केलंय त्यांच्याकडून ऐकायचंय. झोपायला कुठे, केस, शी-शू, खाणं, गावाला जाताना काय, आणि मुख्य म्हणजे कोणाचा किती वेळ जातो. "आणाच, खूप प्रेमळ असतात" याच्या पुढचं सांगा प्लीज.

रानवारा

आणाच, खूप प्रेमळ असतात! :)

(पुढचं संध्याकाळी लिहितो, मीटिंग आहे.)

शिरीष७४

माझं मत उलट आहे, राग मानू नका.

आमचं बालपण वाईजवळच्या गावात गेलं. घरात कुत्रं कायम असायचं, पण ते दिवसभर शेतावर, बांधावर, नदीवर. भाकरीच्या वेळेला अंगणात हजर. त्याला कुणी फिरायला नेलं नाही आणि गळ्यात पट्टाही बांधला नाही. आता पुण्यात बघतो तर नऊशे चौरस फुटांत लॅब्रेडॉर. दिवसभर दाराकडे तोंड करून बसलेला, कारण दोघंही नोकरीला. संध्याकाळी पंधरा मिनिटं डांबरी रस्त्यावर फिरवलं की झालं. ह्याला घरातलं माणूस म्हणायचं? माणसाला असं कोंडलं तर पोलीस येतील.

मुलीला कुत्र्यांची आवड आहे, उत्तम. गेटवरच्यांचं ती करतेच आहे. त्यांची नसबंदी, लसीकरण यासाठी तिला मदत करा. ते जास्त मोलाचं आहे.

तळेगावचा_दादू

केतकीताई, एकच विचारतो. पावसाळ्यात पहाटे सहाला छत्री घेऊन खाली कोण जाणार, हे घरात ठरलंय का? ते नाव ठरलं की कुत्रा त्याचाच होणार, हट्ट कुणीही केलेला असो.

अबोली

शिरीषदादा, कोंडण्याबद्दल शंभर टक्के सहमत. पण तो दोष फ्लॅटचा नाही हो. बंगल्यात बागेत सोडलेला आणि कुणी ढुंकून न पाहणारा कुत्राही तसाच वेडापिसा होतो, दिवसभर फाटकावर भुंकत राहतो. कुत्र्याला बागेपेक्षा सोबत लागते.

आम्ही डोंबिवलीत वन बीएचकेत राहतो. चौघं माणसं आणि आमची जाई. जाई गावठी आहे, रिक्षा स्टँडवरून आलेली. दादूंचा प्रश्न अगदी वर्मावरचा आहे, म्हणून आमच्याकडची वाटणी सांगते. सकाळची मोठी फेरी माझी, पाऊण तास. दुपारी सासरे खाली फक्त शूपुरतं नेतात. संध्याकाळी मुलगा, रात्री जेवणानंतर नवरा. कोणी आजारी पडलं तर दुसऱ्याने जायचं, पण फेरी चुकत नाही. मोठा कुत्रा आठेक तास धरू शकतो हे खरं, पण शकतो म्हणून धरायला लावू नये.

आता शी-शूबद्दल, कारण नव्या माणसाला सगळ्यात धास्ती याचीच असते. पिल्लाचा साधा हिशोब असा की वय जितके महिने, साधारण तितकेच तास ते धरू शकतं, तेही रात्री झोपेत. दिवसा त्याहून कमी. झोपेतून उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळून झाल्यावर या तीन वेळांना उचलायचं आणि थेट खाली न्यायचं. शू झाली की तिथेच, त्याच क्षणी खाऊ. वर आल्यावर दिलेल्या खाऊचा त्याला अर्थ लागत नाही, त्याला वाटतं लिफ्टमध्ये बसल्याबद्दल मिळाला. घरात झाली तर ओरडायचं नाही, नाक घासायचं तर मुळीच नाही. असं केलं की पिल्लू एवढंच शिकतं की माणसासमोर शू करायची नसते, आणि मग सोफ्यामागे जाऊन करतं. पुसायला अमोनियावालं लिक्विड वापरू नका. त्याचा वास मुताच्या जवळपास जातो आणि पिल्लू पुन्हा त्याच जागी बसतं. एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते आणा. नाहीतर व्हिनेगर आणि पाणी.

केस पडतातच. काळी पँट घालून बाहेर पडायचं असेल तर दारात ब्रश ठेवायचा.

पशुवैद्य_सातारकर

धागा चांगल्या वेळी दिसला. मी पशुवैद्यक आहे, मुख्यत्वे गाईम्हशी बघतो, पण हल्ली दवाखान्यात निम्मी गर्दी कुत्र्यांची असते. थोडं लांब लिहितो.

पिल्लू आठ आठवड्यांच्या आत आईपासून तोडू नका. २०१७ च्या श्वान पैदास नियमांनुसार आठ आठवड्यांच्या आतलं पिल्लू विकायला मनाईच आहे, तरी महिन्याभराची पिल्लं खोक्यात घालून विकायला येतात. आईकडून आणि भावंडांकडून ते चावण्याचा जोर किती ठेवायचा हे शिकत असतं. ते राहून जातं आणि पुढे घरातल्या मुलांच्या हातांवर निघतं.

लसी: सहा ते आठ आठवड्यांपासून पार्व्हो, डिस्टेंपर वगैरेंची एकत्रित लस, दर तीन-चार आठवड्यांनी पुन्हा, पिल्लू सोळा आठवड्यांचं होईपर्यंत. रेबीजची साधारण तीन महिन्यांना, मग बूस्टर, मग डॉक्टर सांगतील तशी दरवर्षी. पार्व्होत रक्ताची हगवण आणि उलट्या होऊन पिल्लू दोन-तीन दिवसांत जातं. ते बघणं फार वाईट असतं आणि असं पिल्लू जवळजवळ नेहमी लस न झालेलं किंवा अर्धवट लस झालेलं असतं. कोकणात, मुंबईत, जिथे पावसाचं पाणी साचतं तिथे लेप्टोची (लेप्टोस्पायरोसिसची) लस चुकवू नका. लेप्टो माणसालाही होतो.

आणखी एक, पावसाळा म्हणजे गोचीड. कानाच्या आत, बोटांच्या बेचक्यात, शेपटीखाली रोज हात फिरवून बघा. गोचिडीतून एर्लिकिया आणि बॅबेसिया हे दोन ताप येतात. कुत्रा खात नाही, सुस्त, हिरड्या पांढुरक्या, नाकातून रक्त, असं काही दिसलं तर थांबू नका, रक्त तपासा. आणि आपली क्रोसिन, ब्रुफेन त्याला कधीही देऊ नका. आपल्याला ताप उतरवणारी गोळी त्याचं यकृत आणि मूत्रपिंड घालवते.

खाण्यात कांदा, लसूण, द्राक्षं, बेदाणे, चॉकलेट आणि शुगर फ्री च्युइंगगम वर्ज्य. लोकांना चॉकलेट माहीत असतं, पण सत्यनारायणाच्या शिऱ्यातला बेदाणा लक्षात येत नाही. कुत्र्याला प्रसाद द्यायचा तर बेदाणे न घातलेला वेगळा काढा. शिजवलेली हाडं नकोत, ती टोकदार फुटतात.

मादी असेल तर नसबंदी कराच. न केलेल्या माद्यांना मोठेपणी गर्भाशयात पू होतो आणि मग मध्यरात्री ऑपरेशनची धावपळ.

केतकी_पान

बापरे, किती मोलाची माहिती! डॉक्टर, मनापासून आभार. वाचनखूण साठवली.

दादू, तुमचा प्रश्न जेवताना मांडला. दोन मिनिटं कोणीच बोललं नाही. मग लेक म्हणाली मी जाईन, आणि नवरा म्हणाला ती परीक्षेत असेल तेव्हा मी. बघू.

शाकाहारी घराचं काय? सासूबाई चिकन घरात येऊ देणार नाहीत आणि मलाही ते पटवून घ्यायचं नाहीये.

मेथीची_जुडी

आमचं घर माळकरी. कुत्रा घरात आहे आणि आयुष्यात त्याला मांस दिलेलं नाही. दहीभात, वरणाचं वरचं पाणी, पोळी, गाजर, लाल भोपळा. छान ठणठणीत आहे. उगाच घाबरू नका.

अबोली

मेथीताई, नुसत्या दहीभात-पोळीवर नका ठेवू हो. त्यात प्रथिनं फार कमी पडतात. केस रखरखीत होतात, पोट सुटतं आणि लोक म्हणतात बाळसं धरलंय.

पशुवैद्य_सातारकर

दोघींचंही थोडं थोडं बरोबर. मांजर मांसाशिवाय जगू शकत नाही, कुत्र्याचं तसं नाही. माणसांबरोबर हजारो वर्षं राहून त्याची पिठूळ अन्न पचवायची ताकद लांडग्यापेक्षा वाढली आहे. त्यामुळे शाकाहारी आहार शक्य आहे, पण तो नीट आखावा लागतो. घरात उरलेलं वाढून तो होत नाही. अंडं चालत असेल तर मोठा प्रश्न सुटतो. तेही नको असेल तर कुत्र्यांसाठी बनवलेलं पूर्ण शाकाहारी कोरडं खाद्य मिळतं, ते मुख्य ठेवून वरून पनीर, भोपळा, थोडं दही. वाढत्या पिल्लाला मात्र शाकाहारावर ठेवताना डॉक्टरांना विचारूनच. काहींना दूध पचत नाही, दही बहुधा पचतं.

ठाण्याची_आजी

केतकी, तुझ्या सासूबाईंच्या वयाची मी. त्यांच्या बाजूनेही कुणी लिहायला हवं म्हणून लिहिते.

आमच्या वेळी सोवळं होतं, आणि ते सगळंच खुळचट होतं असं मला आजही वाटत नाही. स्वयंपाकाच्या ओट्यापाशी केस उडू नयेत, पूजेच्या जागी कुणाचा ओला पाय पडू नये, ही साधी स्वच्छता आहे. त्या म्हणतात ते ऐकून घे. "आई, तुम्ही जुन्या विचारांच्या" असं म्हणालीस तर कुत्रा येईल, पण त्या त्याच्याकडे बघणार नाहीत, आणि दुपारभर घरात त्याच असणार.

नातवाने कुत्रा आणला तेव्हा मी एकच अट घातली होती, देवघराच्या उंबऱ्याच्या आत यायचं नाही. नातवाने त्याला तिथे "बस" शिकवलं, रोज थोडं थोडं, खाऊ देऊन. आता संध्याकाळी मी निरांजन लावायला घेतलं की काडेपेटीच्या आवाजाला तो जिथे असेल तिथून येतो आणि उंबऱ्याबाहेर पुढचे दोन्ही पाय एका रेषेत ठेवून बसतो. एक नखसुद्धा आत नाही. आरती संपली, घंटा खाली ठेवली की शेपूट आपटायला लागतो, कारण मग त्याला खोबऱ्याचा तुकडा मिळतो. माझे यजमान गेल्यापासून आरतीला घरात माझ्याबरोबर रोज थांबणारा तो एकटाच.

आणि शास्त्रच काढायचं असेल तर दत्तमहाराजांच्या पायाशी चार कुत्री आहेत, खंडोबाबरोबर कुत्रा आहे. नामदेव महाराज पोळी पळवणाऱ्या कुत्र्यामागे तुपाची वाटी घेऊन धावले, ही गोष्ट आपण सगळ्यांनी मुलांना सांगितलेली आहे. सासूबाईंना विचार, त्यांनाही ती येत असेल.

रानवारा

आजी, तुमच्या प्रतिसादाला दंडवत. मीटिंग संपली, पण आता वेगळं काही लिहायला उरलं नाही.

शिरीष७४

आजींचं लेखन सुंदर. तरी माझा मुद्दा राहतोच. तुमच्या घरात प्रेम असेल, पण जिन्यात, लिफ्टमध्ये, खालच्या पार्किंगमध्ये इतर माणसं राहतात. आमच्या सोसायटीत तीन कुत्री आहेत. एकाचे मालक घाण उचलतात, दोघांचे उचलत नाहीत. मुलं बॉल आणायला गेली की चपला भरतात. बोललं तर लगेच "तुम्ही प्राणीद्वेष्टे". ह्यावर कोणी लिहील का?

काळा_कोट

मी लिहितो, रोज ह्याच भांडणांत असतो.

भारतीय जीवजंतु कल्याण मंडळाने २०१५ साली सोसायट्यांसाठी मार्गदर्शक सूचना काढल्या. त्यांनुसार पाळीव प्राणी ठेवायला सोसायटी सरसकट बंदी घालू शकत नाही, बहुमताने ठराव केला तरी नाही. लिफ्ट नाकारता येत नाही, त्यासाठी जादा पैसे लावता येत नाहीत. संविधानाच्या कलम ५१अ (छ) मध्ये प्राणिमात्रांविषयी दयाबुद्धी हे नागरिकाचं मूलभूत कर्तव्य म्हणून लिहिलेलं आहे.

हे सगळं कुत्रेवाल्यांना तोंडपाठ असतं. त्याच सूचनांत पुढे मालकांनी काय करायचं हेही आहे, ते वाचायचं राहून जातं. सार्वजनिक जागेत पट्ट्यावर ठेवा, घाण स्वतः उचला, लसीकरण चालू ठेवा, भुंकण्याचा शेजाऱ्यांना त्रास होणार नाही हे बघा. आपल्या ताब्यातल्या प्राण्यापासून कोणाला इजा होऊ नये याची काळजी घेतली नाही तर भारतीय न्याय संहितेच्या कलम २९१ खाली गुन्हा होतो, सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा पाच हजारांपर्यंत दंड किंवा दोन्ही. शिवाय पुणे आणि मुंबई दोन्ही महापालिकांत कुत्र्याचा परवाना काढावा लागतो. केतकीताई, परवाना पहिल्या महिन्यातच काढा. त्यासाठी रेबीजचा दाखला लागतो, म्हणजे दोन्ही कामं होतात.

शिरीषराव, तुमच्या सोसायटीत भांडण कुत्र्यांवर नेऊ नका, घाण उचलण्यावर ठेवा. तिथे कायदा पूर्ण तुमच्या बाजूने आहे.

सायली_घाबरट

मला लहानपणी कुत्रा चावला होता. अजून लिफ्टचं दार उघडलं आणि आत कुत्रा दिसला की हातपाय गार पडतात. मला कुत्री वाईट वाटत नाहीत, पण शरीर ऐकत नाही.

केतकीताई, एकच विनंती. लिफ्टमध्ये कोणी आधी असेल तर विचारा, "येऊ का, की पुढच्या वेळी?" एवढंच. आमच्या मजल्यावरचे काका असं विचारतात, आणि त्यांच्या कुत्र्याला मी आता लांबून हाक मारते. दुसरे एक जण "काही नाही करत हो तो" म्हणत थेट आत शिरतात. त्यांच्या वेळी मी जिना उतरते, पाचव्या मजल्यावरून.

अबोली

सायली, हे लिहिलंस ते फार बरं केलंस. मी उद्यापासून विचारणार.

पशुवैद्य_सातारकर

सायलींच्या निमित्ताने एक सांगून ठेवतो. पाळीव असो की भटका, कुत्रा चावला किंवा नुसतं दात लागून खरचटलं तरी जखम लगेच वाहत्या पाण्याखाली साबणाने पंधरा मिनिटं धुवायची. हळद, चुना, मिरची काही लावायचं नाही. मग त्याच दिवशी दवाखाना, आणि लसीच्या सगळ्या मात्रा पूर्ण. "घरचाच आहे" म्हणून टाळायचं नाही. रेबीजची लक्षणं दिसायला लागल्यावर माणूस वाचत नाही, आणि वेळेवर लस घेतली तर जवळजवळ हमखास वाचतो.

फोर्टातला_फिरस्ता

अवांतर, पण राहवत नाही. कुत्र्यांवरून मुंबईत दंगल झालेली आहे! जून १८३२. इंग्रज सरकार उन्हाळ्यात भटकी कुत्री मारायचं आणि मारणाऱ्याला दर कुत्र्यामागे पैसे द्यायचं. त्यामुळे लोक बक्षिसासाठी घरांतली कुत्रीसुद्धा ओढून नेऊ लागले. पारशी समाजात कुत्र्याला धार्मिक स्थान आहे. अंत्यविधीत मृतदेहावर कुत्र्याची नजर पडावी लागते, त्याला सगदीद म्हणतात. लोक भडकले, बाजार बंद झाला, हिंदू आणि जैन व्यापारीही उतरले. दोन वर्षांनी, १८३४ मध्ये, भुलेश्वरला पांजरपोळ सुरू झाली, त्यात जमशेटजी जीजीभॉय पुढे होते. मोकाट जनावरं मारण्याऐवजी सांभाळायची सोय असावी, हा त्यामागचा विचार.

तळेगावचा_दादू

कोथरूडच्या तिसऱ्या मजल्यावरून निघालेला धागा १८३२ च्या फोर्टात पोचला. केतकीताई, पट्टा घट्ट धरा, धागा सुटला!

नागपुरी_झळ

मी जातीबद्दल लिहितो, ते अजून कोणी बोललं नाही.

आमच्याकडे मे महिन्यात पारा पंचेचाळीसच्या वर जातो, आणि लोकांना हस्की पाहिजे. का, तर डोळे निळे. सैबेरियाचं जनावर आहे हो ते, दोन थरांची लोकर अंगावर. दिवसभर एसीत कोंडायचं आणि वीज गेली की बर्फाच्या लाद्या आणायला धावायचं. पगचं वेगळंच दुखणं, नाक इतकं बसकं की उन्हाळ्यात धाप लागून बसतो. कुत्र्याला आपल्यासारखा अंगभर घाम येत नाही, तोंडाने धापा टाकूनच त्याला शरीर थंड करता येतं. नाकच नीट नसेल तर त्याने करायचं काय?

उन्हात फिरवायच्या आधी हाताची पालथी बाजू डांबरावर पाच-सात सेकंद टेकवून बघा. आपल्याला चटका बसतो तर त्याच्या पंजांनाही बसतो.

आपल्या हवेला आपली जनावरं बरी. मुधोळ हाउंड आहे, त्यालाच कारवानही म्हणतात, पण ही शिकारी, धावणारी कुत्री. मोकळं रान नसेल तर फ्लॅटमध्ये नका आणू, शिरीषरावांचं म्हणणं ह्यांच्या बाबतीत अगदी खरं आहे. फ्लॅटसाठी गावठीच. अंगावर लोकर कमी, पोट दणकट, आणि उन्हापावसाची पिढ्यान्‌पिढ्यांची सवय.

राइनकाठी

जर्मनीतून लिहितेय. इथे बहुतेक गावांत कुत्र्यामागे वर्षाला नगरपालिकेचा कर भरावा लागतो. ट्रेनमध्ये पेटीत मावणारा लहान कुत्रा फुकट, मोठ्याला तिकीट. कुत्री ऑफिसात येतात, हॉटेलात टेबलाखाली झोपतात आणि कोणाचं लक्षही जात नाही. कारण पिल्लाला पहिल्या महिन्यांतच ट्रॅम, लिफ्ट, छत्री, चाकाची खुर्ची, लहान मुलं सगळं दाखवून आणतात. तीन आठवड्यांपासून साधारण साडेतीन महिन्यांपर्यंत पिल्लू जे शांतपणे बघतं ते त्याला आयुष्यभर भीतीचं वाटत नाही. आपल्याकडे लसी पूर्ण होईपर्यंत घराबाहेर काढायचं नाही म्हणून तो काळ निघून जातो. जमिनीवर ठेवू नका, पण कडेवर घेऊन फिरवा. मंडई दाखवा, प्रेशर कुकरची शिट्टी ऐकवा, ढोल लांबून ऐकवा.

मेथीची_जुडी

गावाला जाताना काय, हे राहिलंच. रेल्वेत फर्स्ट एसीचा पूर्ण कूपे घेतला तर कुत्रा बरोबर नेता येतो, नाहीतर गार्डच्या डब्यातल्या पिंजऱ्यात. तिथे ठेवायचा धीर होत नाही. आम्ही गाडीनेच जातो, दर दोन तासांनी थांबत. लग्नकार्याला दोघांपैकी एकच जण जातो, हे नातेवाइकांनी आता मान्य केलंय. बोर्डिंग आहेत, पण आधी स्वतः जाऊन कुत्री कुठे झोपतात ते बघितल्याशिवाय ठेवू नका. एका ठिकाणी आम्हाला आत सोडायलाच तयार नव्हते, आम्ही तिथूनच परत फिरलो.

आणि अबोलीताई, डॉक्टर, खाण्याबद्दल तुमचं वाचून कोरडं खाद्य सुरू केलंय. आवडीने खातोय.

जुनी_वही

सगळे पिल्लाबद्दल लिहितायत, मी शेवटच्या वर्षांबद्दल लिहिते. केतकीने वेळ किती जातो ते विचारलंय, आणि सगळ्यात जास्त वेळ तेव्हा जातो.

आमची गोल्डी म्हातारी झाली तेव्हा मागचे पाय गेले. गुळगुळीत फरशीवर ती उठायची आणि मागचे दोन्ही पाय बाजूला घसरायचे. मग ती माझ्याकडे बघून पुन्हा खाली बसायची. हॉलभर योगाच्या मॅट अंथरल्या, पाण्याच्या भांड्यापासून दारापर्यंत सलग. पंजांखालचे केस दर आठवड्याला कापायचे म्हणजे पकड मिळते. पोटाखालून जुन्या ओढणीची झोळी घालून तिला खाली न्यायचो. लिफ्ट बंद पडली की नवरा आणि शेजारचा मुलगा दोन बाजूंनी धरून उतरवायचे. औषधं, रक्ततपासण्या, एक्स-रे, सगळा खर्च खिशातून. कुत्र्याचा विमा मिळतो, पण म्हातारपणी नव्याने काढायला गेलं तर देत नाहीत, म्हणून तरुणपणीच काढा.

लेक सातवीत आहे म्हणालीस. कुत्रा दहा-बारा वर्षांचा होईल तेव्हा ती शिकायला, नोकरीला बाहेर असेल. तेव्हा झोळी धरणारे हात तुझे आणि नवऱ्याचे असतील. तुम्हा दोघांना तो हवा आहे का, हे एकदा तिला वगळून एकमेकांना विचारा. आम्हाला विचारलंत तर उत्तर हो आहे. आत्ताही घरात एक आहे.

शिरीष७४

जुनी_वही यांचा प्रतिसाद दोनदा वाचला. ह्या तयारीने कोणी कुत्रा आणत असेल तर माझा विरोध नाही. माझं भांडण दाराकडे तोंड करून बसलेल्या त्या लॅब्रेडॉरसाठी आहे. केतकीताई, ज्या दिवशी तुम्ही ऑफिसात असाल त्या दिवशी दुपारी त्याच्याजवळ कोण?

केतकी_पान

शिरीषदादा, तुमच्या प्रश्नाचं उत्तर कालच मिळालं, आणि ते माझ्याकडून आलेलं नाही.

ठाण्याच्या आजींचा प्रतिसाद सासूबाईंना वाचून दाखवला. नामदेवांपर्यंत आले तेव्हा म्हणाल्या, "तुपाची वाटी मीच सांगितलीय हिला, लहान असताना." मग बराच वेळ काही बोलल्या नाहीत. रात्री त्यांनी आपणहून अटी सांगितल्या. ओट्यापाशी नाही, देवघरात नाही, त्यांच्या पलंगावर नाही. पिल्लू नको, कारण दुपारी सारखं खाली जायला त्यांचे गुडघे नाहीत. मोठा, शांत, शिकलेला कुत्रा असेल तर दुपारी तो त्यांच्याजवळ हॉलमध्ये बसेल. अंड्याला हो म्हणाल्या, पण वेगळ्या भांड्यात आणि गॅलरीतल्या छोट्या शेगडीवर.

जुनी_वही, आम्ही दोघांनी तुमचा प्रश्न लेकीला वगळून एकमेकांना विचारला. नवरा आधी हो म्हणाला, मग मी.

तेव्हा असं ठरलंय: मोठी गावठी मादी, एका संस्थेच्या निवाऱ्यातली. नसबंदी आणि लसी झालेली, साधारण तीन वर्षांची. आधी काही आठवडे तात्पुरती सांभाळायला घेऊ. सासूबाईंशी तिचं जमलं तर कायमची. फक्त दिवाळी तोंडावर आहे, त्याची धास्ती वाटते. आणि पहिल्या दिवशी काय करायचं?

अबोली

अगं किती छान! शक्य असेल तर दिवाळी उलटल्यावर आणा. नव्या घरात पहिल्याच आठवड्यात फटाके नकोत. बिथरलेली कुत्री उघड्या दारातून सुटतात ती याच दिवसांत. नाहीच जमलं तर आतल्या खोलीत पडदे ओढून, पंखा आणि टीव्ही लावून जागा करा. अंधार पडायच्या आत फिरवून आणा आणि गळ्यात फोन नंबरचा बिल्ला अडकवा.

पहिल्या दिवशी पाहुणे बोलवू नका, अंघोळ घालू नका. घर पट्ट्यावरूनच दाखवा आणि एक कोपरा तिचा म्हणून द्या, तिथे ती गेली की कोणी हात लावायचा नाही. लेकीला सांगा, मिठी मारायची नाही, जमिनीवर बाजूला तोंड करून बसायचं, ती येईल तेव्हा येईल. काही कुत्री पहिले दोन दिवस जेवतच नाहीत.

पशुवैद्य_सातारकर

अबोलीताईंना अनुमोदन. बाहेर नेताना गळपट्टा आणि हार्नेस (छातीभोवती बसणारा पट्टा) दोन्ही घाला, पट्टा हार्नेसला लावा. घाबरलेलं कुत्रं मागे सरकून गळपट्ट्यातून डोकं काढून घेतं, आणि हे बहुतेक लिफ्टच्या दारातच होतं. फटाक्यांच्या भीतीवर औषध आहे, पण ते आधी बघून, वजनानुसार द्यावं लागतं. लक्ष्मीपूजनाच्या संध्याकाळी फोन करून मिळत नाही, आठवडाभर आधी तुमच्या डॉक्टरांना भेटा. संस्थेकडून लसीकरणाचं कार्ड मागून घ्या, तोंडी भरवशावर राहू नका.

ठाण्याची_आजी

सासूबाईंना माझा नमस्कार सांग. उंबऱ्यापाशी बसायचं शिकवताना खोबरं त्यांच्याच हातून दे.

तळेगावचा_दादू

सकाळी सहाची छत्री शेवटी कोणाकडे गेली ते कळवा.

केतकी_पान

सोमवार ते शनिवार नवरा, रविवारी लेक. फ्रीजवर कागद चिकटवलाय, खाली दोघांच्या सह्या आहेत.